परदेशात टिप किती, कुणाला आणि कशी द्यायची?

मिरजकर_माई

नमस्कार मंडळी. सप्टेंबरात आम्ही दोघं लेकीकडे न्यू जर्सीला निघालोय. तिच्याकडून नायगरा, परतीच्या वाटेवर लंडनला भाच्याकडे मुक्काम आणि तिथून एका ग्रुप टूरबरोबर पॅरिस-स्वित्झर्लंड. तिकिटं, व्हिसा, इन्शुरन्स, मेतकूट, सगळं झालं. अडलंय ते टिपेपाशी.

मी बँकेत कॅश काउंटरवरून निवृत्त झाले. पैसा कुठल्या खात्यात पडतोय हे कळल्याशिवाय माझा हात सुटत नाही. आमच्या ह्यांचं दुखणं वेगळं. मिरजेत डोसा खाल्ला की बडीशेपेच्या वाटीत दहाची नोट, फारच खूश असतील तर वीसची, यापुढे त्यांची मजल नाही. मागच्या आठवड्यात लेक फोनवर म्हणाली, "बाबा, इथे शंभर डॉलरच्या बिलावर वीस डॉलर ठेवतात." तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. "वीस डॉलर म्हणजे सतराशेच्या वर रुपये! एवढ्यात इथे चौघं जेवून वर आइस्क्रीम खातील." हे रोज चहाबरोबर ऐकते.

बिलाच्या किती टक्के द्यायचे, आणि ते कर धरून की वगळून? कार्डावर की रोख? हॉटेलात खोली आवरणाऱ्या बाईंना द्यायचे का, आणि कधी? टूरच्या पत्रकात "टिप्स समाविष्ट" छापलंय, त्या नक्की कुणाच्या? लंडन-पॅरिसला हाच हिशेब चालतो का? यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळं सांगतो. "मनाला येईल तेवढं द्या" असं उत्तर कृपया नको. ह्यांच्या मनाला काय येतं ते मला ठाऊक आहे.

---

ओकट्रीवाली

माई, न्यू जर्सीतल्याच एका रेस्टॉरंटात मी काही वर्षं सर्व्हर होते, म्हणजे आपल्या भाषेत वाढपी. तेव्हा टेबलाच्या पलीकडच्या बाजूने सांगते.

आधी तुमचा खात्याचा प्रश्न. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात टिप मिळणाऱ्या नोकराला मालकाने तासाला निदान २.१३ डॉलर दिले की पुरतं. हा आकडा १९९१पासून हललेला नाही. बाकीच्यांसाठी किमान वेतन ७.२५ डॉलर, तेही २००९पासून तेवढंच. मधली तूट गिऱ्हाइकाच्या टिपेतून भरून निघेल असं गृहीत धरलेलं आहे, न निघाली तर मालकाने भरायची. बऱ्याच राज्यांचे आकडे याहून वर आहेत, न्यू जर्सीचाही आहे, पण रचना हीच. थोडक्यात, मेन्यूवरच्या किमतीत वाढणाऱ्याचा पगार पुरता धरलेलाच नसतो. तो तुम्ही वेगळा देता.

आता जे बाहेरच्यांना दिसत नाही ते. रात्री दुकान बंद झालं की मशीनमधून माझ्या दिवसभराच्या विक्रीची पट्टी निघायची. त्यावरून टेबलं उचलणाऱ्या पोराचा आणि बारवाल्याचा वाटा मी काढून द्यायचा. आमच्याकडे हा वाटा मिळालेल्या टिपेवर नव्हे, विक्रीवर मोजायचे. म्हणजे दोनशे डॉलरचं बिल करून एखादं कुटुंब काहीच न ठेवता गेलं, तरी त्या दोनशेवरचा वाटा माझ्या खिशातून जायचा. त्या टेबलाचं माझं खातं शून्यावर नाही, उणे बंद व्हायचं. सगळीकडे अशीच पद्धत असते असं नाही, पण बऱ्याच ठिकाणी असते.

किती? बसून जेवलात, कुणी ऑर्डर घेतली, ताट आणून दिलं, तर १८ ते २० टक्के. १५चा जमाना गेला. आणि कर वगळून, वरच्या 'सबटोटल'वर. ह्यांच्यासाठी सोपा हिशेब सांगते: न्यू जर्सीत विक्रीकर ६.६२५ टक्के आहे. बिलावर करापुढे जो आकडा असेल त्याची तिप्पट केली की जवळजवळ २० टक्के. न्यूयॉर्क शहरात कर ८.८७५, तिथे दुप्पट केली की १८च्या अगदी जवळ. कॅल्क्युलेटर नको, टक्केवारी नको.

कार्डाचं नीट वाचा, इथेच आपली मंडळी गोंधळतात. बिल एका काळ्या फोल्डरमध्ये येतं. त्यात कार्ड ठेवायचं. पुष्कळ ठिकाणी सर्व्हर अजूनही ते घेऊन आत जाते. हे बघून ह्यांचा जीव वरखाली होईल, पण तशीच रीत आहे. ती परत येते तेव्हा आत दोन पावत्या असतात. एकीवर 'मर्चंट कॉपी', दुसरीवर 'कस्टमर कॉपी'. मर्चंटवर टिपेची ओळ असते, खाली टोटलची. दोन्ही आकडे भरायचे, बेरीज आपण करायची, सही करून ती पावती तिथेच सोडायची. आपली घरी न्यायची. कितीतरी लोक सही केलेली पावती 'हिशेबाला असू दे' म्हणून घेऊन जायचे आणि कोरी माझ्यासाठी ठेवायचे, की गेली टिप! रोख देणार असाल तर टिपेच्या ओळीवर 'कॅश' लिहा, ओळ मोकळी सोडू नका. आणि मोबाइलवर आधी मूळ बिलाचा मेसेज येतो, टिप धरून पूर्ण रक्कम नंतर लागते. तुम्ही बँकवाल्या, तुम्हाला कळेल. ह्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर "दोन दिवसांनी जास्त कापले" म्हणून बँकेला फोन जाईल.

पैसे लिहिण्याआधी बिल एकदा वरून खाली बघा. सहा-आठ जणांचा गट असेल तर 'ग्रॅच्युइटी', म्हणजे टिपच, आधीच लावलेली असू शकते. लावली असेल तर वर काही द्यायचं नाही. खाली मोकळी ओळ छापलेली असतेच, तिला भुलू नका.

बाकीचं भराभर. खोली आवरणाऱ्या बाईंना रात्रीमागे २ ते ५ डॉलर, आणि रोजच्या रोज, कारण उद्या दुसरी बाई असू शकते. नुसती नोट ठेवली तर पाहुण्यांची राहिली असेल म्हणून ती हात लावत नाही, चिठ्ठीवर 'थँक यू' लिहून तिच्याखाली ठेवा. सामान खोलीत आणून देणाऱ्याला बॅगेमागे एक-दोन डॉलर. बुफेला १० टक्के चालतात. कॉफीच्या काउंटरवर तो टॅबलेट तुमच्याकडे फिरवतात आणि १८-२०-२५ असे चौकोन दिसतात. कप हातात घेऊन निघायचं असेल तर खुशाल 'नो टिप' दाबा, मागे रांग असली तरी. तिथला पगार वेगळा असतो.

एक कडू गोष्ट. आपल्या लोकांचं टेबल आलं की आमच्यात ओढाताण व्हायची, पण घेण्यासाठी नव्हे, दुसरीवर ढकलण्यासाठी. पाण्यात बर्फ नको, मग गरम पाणी, मग चिली फ्लेक्स, मग लिंबू, मग दोन जादा प्लेटा, मग उरलेल्याचे डबे. ह्यातल्या कशाचाच राग नाही, मीही घरी अशीच जेवते. पण सर्वात जास्त फेऱ्या त्या टेबलाच्या आणि शेवटी दोन डॉलर. पुढच्या मराठी कुटुंबाला कोपऱ्यातलं टेबल का मिळतं ते यावरून समजा.

---

खडूस_काका

वाचून अंगावर काटा आला, सर्व्हरच्या दुःखाने नव्हे, वीस टक्क्यांच्या आकड्याने. मालकाने पगार द्यायचा नाही आणि आम्ही सांगलीहून येऊन त्याची भर करायची? हा कुठला न्याय!

आपल्याकडे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये हॉटेलवाल्यांना सांगितलं की सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही. हॉटेलवाले कोर्टात गेले, दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला. इथे मी बिलातला सर्व्हिस चार्ज काढून घेतो, वेटरच्या हातात पन्नासची नोट देतो. अमेरिकेतही दहा टक्क्यांच्या वर गेलो नाही. कुणी हटकलं नाही.

---

ओकट्रीवाली

काका, हटकणार कोण? हटकायची सोय नसते म्हणून तर ते हसून 'हॅव अ गुड नाइट' म्हणतात.

तुमचा मुद्दा खरा आहे, पगार मालकानेच द्यावा. पण तुमचा निषेध मालकापर्यंत पोचतच नाही हो. त्याचं बिल तुम्ही पैन् पै भरून आलात. कापले गेले ते फक्त त्या पोरीचे. निषेध करायचाच तर तिथे जेवू नका, घरून पोळ्या न्या, मालकाला झळ बसेल.

आणि मालकांनी प्रयत्न केला नाही असंही नाही. न्यूयॉर्कच्या डॅनी मायर यांनी २०१५मध्ये आपल्या रेस्टॉरंटांत टिप बंद केली, किमती वाढवल्या आणि पगार वाढवले. मोठं नाव, मोठी ठिकाणं. २०२०मध्ये त्यांनीच टिप परत सुरू केली. मेन्यूवर वाढलेला आकडा बघून गिऱ्हाईक बिचकतं, आणि चांगले सर्व्हर जास्त टिप मिळेल तिथे निघून जातात. एकट्यादुकट्याने मोडायची ही गोष्ट नाही.

---

मेपलपान

माई नायगराला जाताहेत म्हणून लिहितो. कॅनडाचा व्हिसा असेल आणि पूल ओलांडून आमच्या बाजूला आलात, तर "कराची तिप्पट" हा मंत्र पलीकडेच ठेवून या. ऑन्टारियोत एचएसटी, म्हणजे इथला विक्रीकर, १३ टक्के आहे. तिप्पट केलीत तर काकांना चक्कर येईल. इथे १५ ते १८ ठीक. कार्ड मशीन टेबलावर आणतात आणि टक्के बऱ्याचदा कर धरलेल्या रकमेवर मोजतात, म्हणून टक्क्याऐवजी 'अदर' दाबून आकडा स्वतः घाला.

दुसरं, धबधब्याजवळच्या काही हॉटेलांत आणि उपाहारगृहांत बिलावर 'टुरिझम इम्प्रूव्हमेंट फी' किंवा 'डेस्टिनेशन फी' अशी ओळ असते. ती टिप नाही आणि सरकारी करही नाही. नम्रपणे काढायला सांगा, बहुतेक वेळा काढतात. काकांच्या अंगातली खुमखुमी वापरायची जागा ही.

ओकट्रीताईंच्या पगाराच्या हिशेबाला मात्र एक छेद. ऑन्टारियोत दारू वाढणाऱ्यांचा वेगळा, कमी दर जानेवारी २०२२पासून रद्द झाला. आता सगळ्यांना एकच किमान वेतन. टिप कमी झाली? छे. मशीनवरचे आकडे उलट वर सरकले. तुमच्या त्या कॅलिफोर्नियातही दोन दर नाहीतच.

---

ओकट्रीवाली

मान्य. पगार सुधारला तरी सवय मागे राहते. पण उलट बाजूने बघा: जिथे ही सवय कधी लागलीच नाही तिथे उगीच लावून येऊ नये. युरोपात जाऊन वीस टक्के ठेवणारेही आपल्यातच आहेत.

---

थेम्सकाठी

लंडनचं सांगते. बसून जेवण्याच्या बहुतेक ठिकाणी बिलावर 'डिस्क्रीशनरी सर्व्हिस चार्ज' १२.५ टक्के लावलेला असतो. तो आहे का बघा. असेल तर वर एक पेनीही नको. नसेल तर दहा टक्के पुष्कळ. 'डिस्क्रीशनरी', म्हणजे ऐच्छिक, असल्यामुळे सेवा वाईट असेल तर काढा म्हणता येतं, त्यासाठी भांडावं लागत नाही.

माईंना खात्याची काळजी आहे, तर ही आनंदाची बातमी: ऑक्टोबर २०२४पासून इथे कायदा लागू आहे की टिप आणि सर्व्हिस चार्जचा सगळा पैसा कामगारांतच वाटला पाहिजे, मालकाने त्यातून काही ठेवायचं नाही. आणि टिप दाखवून किमान वेतन भरल्याचा हिशेब २००९पासूनच चालत नाही. म्हणून इथे न दिल्याने कुणाची चूल अडत नाही, दिलं तर योग्य हातात जातं.

पबमध्ये काउंटरवर जाऊन पेय घेतलंत तर काही देत नाहीत. काळ्या टॅक्सीला पाऊंड वरच्या आकड्याला नेऊन द्या, बास. सामान उचललं असेल तर एखाद-दोन पाऊंड जास्त.

---

बसच्या_पुढच्या_सीटवरून

युरोपातल्या ग्रुप टूर घेऊन जायचं काम बरीच वर्षं केलंय. "टिप्स समाविष्ट" ही ओळ वाचून लोक निश्चिंत होतात आणि शेवटच्या दिवशी वादावादी होते. निघण्याआधी कंपनीला ईमेल करून विचारा, फोनवर नको: ड्रायव्हर, स्थानिक गाइड, जेवणाची ठिकाणं, हॉटेलात बॅगा नेणारे, यांपैकी कोण कोण यात आहे? युरोपात कोचच्या ड्रायव्हरसाठी माणशी दिवसाला दोन युरो हा रुळलेला हिशेब आहे. कंपनीने तो आधीच घेतला असेल तर तुम्ही परत द्यायचा नाही. शेवटच्या दिवशी कुणीतरी उत्साही काका बसमध्ये पाकीट फिरवायला काढतात. घातलंत तर ते तुमच्या खुशीचं, सक्ती नाही.

पॅरिसमध्ये सेवेचे पैसे किमतीत धरूनच मेन्यूवर छापायचे असा नियम १९८७पासून आहे. बिलावर 'सेर्व्हिस कॉम्प्री' दिसेल. स्थानिक लोक कॉफीवर थोडी नाणी, जेवणावर दोन-चार युरो ठेवतात, तेही वाटलं तर. आयफेलच्या आसपास हल्ली कार्ड मशीनवर टिपेचे चौकोन पुढे करतात, पर्यटक बघून. शांतपणे शून्य निवडा. आणि पाणी मागताना 'काराफ दो' म्हणा, नळाच्या पाण्याचा जग फुकट येतो. नुसतं 'वॉटर' म्हटलंत तर बाटली येईल आणि तिच्या पैशात आमच्या मिरजेकडच्या माणसाची झोप उडेल.

स्वित्झर्लंडातही सेवा किमतीत असते. बिल ४७ फ्रँक झालं तर ५० द्यायचे. जर्मन बोलणाऱ्या भागात पैसे टेबलावर ठेवून उठत नाहीत. तो समोर उभा असताना आपण पूर्ण आकडा सांगायचा, "फिफ्टी", की तो उरलेलं परत देत नाही. काही न बोलता पन्नासची नोट दिलीत तर तीन फ्रँक मोजून हातात ठेवेल.

स्वच्छतागृहाचे पैसे ही टिप नव्हे, दर आहे. हायवेच्या थांब्यावर पन्नास सेंट ते एक युरो. नाणी जपून ठेवा. चाळीस माणसांच्या बसमध्ये प्रत्येक जण त्या क्षणी माझ्याकडेच सुटे मागायचा.

---

चाकणहून_ओसाका

जपानचं कुणी विचारलं नाही तरी लिहितो, कंपनीच्या कामाला आमच्याकडून बरीच मंडळी येतात आणि सवयीने टेबलावर नाणी ठेवतात. इथे ठेवू नका. वेटर तुम्ही काहीतरी विसरलात असं समजून रस्त्यापर्यंत धावत येतो, हे डोळ्यांनी बघितलंय. पैसे टेबलावर नाही, दाराजवळच्या गल्ल्यावर द्यायचे, आणि हातात नाही, तिथल्या छोट्या ट्रेमध्ये ठेवायचे. सुटे त्याच ट्रेमध्ये परत येतात, शेवटच्या येनपर्यंत.

इझाकायात, म्हणजे इथल्या पबमध्ये, बसलात की न मागता एक चिमुकली वाटी येते, भिजवलेली भाजी किंवा मासा. त्याचे माणशी तीनशे-पाचशे येन बिलात लागतात. ती फसवणूक नाही, जागेचं भाडं समजा. शाकाहारी असाल तर वाटी खाता येईलच असं नाही, पैसे लागतातच.

अपवाद एकच: रियोकानमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जपानी हॉटेलात, खोलीची देखभाल करणाऱ्या बाईंना काही जण पैसे देतात, पण पाकिटात घालून, आणि गेल्या गेल्या. उघडी नोट पुढे करणं असभ्य वाटतं. परदेशी माणसाने नाही दिलं तर कुणी मनावर घेत नाही.

---

खडूस_काका

पुढची सहल जपान. ठरलं.

---

मिरजकर_माई

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रिंट काढून ह्यांच्या हातात दिली. कराच्या तिपटीचा हिशेब पटला, कारण त्यात डोकं लावावं लागत नाही. "उणे खातं" मला पटलं. कंपनीला ईमेल टाकला, उत्तर आलं: ड्रायव्हर आणि गाइड यात आहेत, बॅगा नेणारे नाहीत. म्हणजे पत्रकातलं "समाविष्ट" अर्धंच होतं.

ओकट्रीताई, आता एकच राहिलं. खोली आवरणाऱ्या बाईंना रोज दोन-तीन डॉलर द्यायचे तर एक-एकच्या नोटा आणायच्या कुठून? इथला फॉरेक्सवाला शंभराच्या आणि पन्नासच्या नोटा पुढे करतो, एकच्या विचारल्या तर हसला. बाकी पैसे फॉरेक्स कार्डावर भरलेत.

---

ओकट्रीवाली

त्याच्या नादी लागू नका. लेकीला म्हणावं, तिच्या बँकेच्या शाखेत जाऊन एकच्या पन्नास आणि पाचच्या दहा नोटा काढून ठेव, काउंटरवर मागितल्या की देतात. एटीएममधून बहुधा वीसच्याच येतात. तुम्ही मोठ्या नोटा आणल्याच असतील तर शंभरची नोट किराणा दुकानात मोडा, छोट्या कॅफेत किंवा बसमध्ये ती घेत नाहीत. एकच्या नोटांची गड्डी पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात, मोठ्या आत. आणि ती गड्डी तुमच्याच पर्समध्ये ठेवा, ह्यांच्या खिशात नको.